पाद्री जॅक रसेल आणि त्यांची बिळात शिरणारी कुत्री



ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा ग्रामोफोन आहे किंवा होता, त्यांना तबकडीच्या मधोमध छापलेले ते चित्र नक्की आठवत असेल. कर्ण्यासमोर मान किंचित तिरपी करून बसलेला, काळसर कानांचा पांढरा कुत्रा. नाट्यसंगीताच्या कितीतरी तबकड्या आपल्या घराघरांत याच कुत्र्याच्या साक्षीने वाजल्या. त्याचे नाव निपर. तो १८८४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जन्मला. घरी येणाऱ्यांच्या पायांना चावे घेण्याची त्याला खोड होती, म्हणून हे नाव. निपर नेमका कोणत्या जातीचा यावर जाणकारांचे एकमत नाही, पण तो टेरियर होता आणि त्याच्यात जॅक रसेल टेरियरचा अंश होता असे बरेच जण मानतात. ज्यांच्या नावावरून या जातीला ओळखतात ते गृहस्थ निपरच्या जन्माच्या आदल्याच वर्षी वारले होते. ते ना शिकारखान्याचे नोकर होते ना कुत्र्यांचे व्यापारी. ते चर्चचे पाद्री होते.

या पाद्रीबाबांबद्दल आत्ताच का लिहितो आहोत, तेही सांगून टाकतो. मागच्या दिवाळीच्या फराळाला आपल्या मंडळातले एक कुटुंब आपला नवा कुत्रा घेऊन आले होते. मांजराहून जरासा मोठा, पांढरा, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका. सगळ्या मुलांचा तो तासाभरात लाडका झाला. घरची मंडळी मात्र रडकुंडीला आली होती. गच्चीतल्या सगळ्या कुंड्या त्याने उकरून काढल्या होत्या, सोफ्याखाली शिरून तो तासन्तास भुंकत बसे, आणि खारीच्या मागे लागून दोनदा फाटकाबाहेर पळाला होता. कुत्रा बिघडलेला आहे, कुणी घेत असेल तर देऊन टाकावा, असे त्यांच्या मनात होते. आम्ही त्यांना म्हटले, थोडे थांबा. तो कशासाठी घडवला गेला ते आधी समजून घेऊ.

जॉन रसेल यांचा जन्म २१ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमथ या बंदराच्या गावी झाला. जॉनचे जॅक होणे ही इंग्रजांची नेहमीची लाडाची रीत. वडीलही पाद्री आणि वडीलही शिकारीचे शौकीन, त्यामुळे मुलाला दोन्ही गोष्टींचे बाळकडू घरातच मिळाले. टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेत शिकायला असताना या पोराने एका मित्राला हाताशी धरून चोरून हाउंड कुत्री पाळली. ती एका लोहाराच्या आवारात बांधलेली असत. हेडमास्तरांना हे कळले तेव्हा मित्राला शाळेतून काढून टाकले. रसेल थोडक्यात वाचले. हुशारीही होतीच, तिच्या जोरावर पुढे ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात प्रवेश मिळाला.

तिथे त्यांनी अभ्यास किती केला हा भाग सोडून देऊ. शिकवायला कुणी रागावले नाही इतका केला असावा. पण ऑक्सफर्डच्या अखेरच्या दिवसांतली एक दुपार त्यांच्या आयुष्यात फार मोलाची ठरली. बहुतेक ठिकाणी १८१९ चा मे महिना सांगितला जातो. परीक्षेचे पुस्तक हातात घेऊन रसेल मार्स्टन गावाच्या बाजूला फिरत निघाले होते. समोरून एक गवळी आला आणि त्याच्याबरोबर एक छोटी टेरियर कुत्री. रसेल जागच्या जागी थबकले. मनात जशी कुत्री त्यांनी कित्येक दिवस कल्पिली होती, अगदी तशी ती होती. सौदा तिथेच, रस्त्यावर झाला आणि कुत्री घेऊनच ते परतले.

तिचे नाव ट्रम्प. आजच्या बातम्यांशी याचा काही संबंध नाही, पत्त्यांच्या डावातल्या हुकमाला इंग्रजीत ट्रम्प म्हणतात. अंगाने पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी छटा, आणि शेपटीच्या बुडाशी पेनीच्या नाण्याएवढा त्याच रंगाचा एक ठिपका. केस दाट, अंगाला बसलेले आणि जरासे राठ, म्हणजे पाऊस आणि थंडी कातडीपर्यंत पोचू नये असे. पाय सरळ. उंची प्रौढ कोल्हीणीएवढी. हे वर्णन आपल्याला मिळते ते रसेल यांचे मित्र डेव्हिस यांनी १८७८ साली, रसेल हयात असतानाच लिहिलेल्या चरित्रातून. पुस्तक एका चाहत्याने लिहिले आहे, त्यामुळे मीठमसाला असणार हे आपण धरून चालावे. पण ट्रम्पचे वर्णन वाचले की जाणवते, त्यात सुंदर दिसण्याबद्दल फारसे काही नाही. सगळे काही कामाचे आहे.

हे काम कोणते, ते समजल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ. (एक खुलासा. मराठीत कोल्हा म्हणजे खरे तर जॅकल. इंग्लंडमधला फॉक्स हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा तांबडा भाऊबंद. पण गोष्टींत आपण त्याला कोल्हाच म्हणत आलो, तेव्हा इथेही कोल्हाच म्हणू.) त्या काळी इंग्लंडच्या ग्रामीण भागात घोड्यावर बसून हाउंड कुत्र्यांच्या जथ्यामागे कोल्ह्याची शिकार करत. मोठी हाउंड कुत्री वासावर माग काढत मैलोन्‌मैल धावत. कोल्हा दमला की जमिनीतल्या बिळात शिरे. हाउंड अंगाने मोठे, त्यांना आत जाता येत नसे. सगळा खेळ तिथे अडे. अशा वेळी टेरियरला पुढे करत. टेरियर हा शब्दच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्याने काळोख्या, अरुंद बिळात एकट्याने शिरायचे, कोल्ह्यासमोर उभे राहायचे आणि भुंकत राहायचे. त्या भुंकण्यावरून वरच्या माणसांना कळे की आत नेमके कुठे काय चालले आहे. भुंकून भुंकून कोल्ह्याला नकोसे केले की तो दुसऱ्या तोंडाने बाहेर पडे आणि घोडी पुन्हा दौडू लागत.

आपल्याकडच्या वाचकांना ताबडतोब मुधोळ हाउंड आठवेल. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ती उंच, सडपातळ कुत्री. मुधोळ काही आपल्यापासून लांब नाही. पण तिचे काम बरोबर उलटे. ती नजरेने शिकार टिपते आणि उघड्या माळावर वाऱ्यासारखी धावून गाठते. टेरियरला ना माळ, ना उजेड. मालकाचा हातही पोचत नाही अशा जागी त्याला स्वतःच्या अकलेने वागायचे असते. घरातला टेरियर हाक मारल्यावर लगेच येत नाही याचे मूळ इथे आहे. बिळात हुकूम देणारे कुणी नव्हते.

आता रसेल यांनी ट्रम्पपासून सुरू केलेल्या वंशात काय जपले ते पाहा. रंग पांढरा, कारण बिळातून मातीने माखलेला तपकिरी टेरियर बाहेर आला तर उतावीळ हाउंड त्यालाच कोल्हा समजून फाडतील ही भीती असे. पाय पुरेसे लांब, कारण डेव्हनमध्ये टेरियरला दिवसभर घोड्यांच्या बरोबरीने धावावे लागे. छाती मात्र लहान आणि लवचिक. आजही या कुत्र्याची पारख करताना परीक्षक पुढच्या पायांमागे दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून बघतात. सामान्य माणसाच्या दोन हातांत छाती मावली पाहिजे. कोल्हा जिथून जातो तिथून कुत्र्यालाही जाता यायला हवे, एवढा साधा हिशेब.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्वभावाची, आणि आमच्या मते या पाद्र्याचे खरे वेगळेपण तिथेच आहे. कोल्ह्याला बिळातच ठार करणारा कुत्रा त्यांना नको होता. बुलडॉगच्या रक्ताची भेसळ करून टेरियर अधिक भांडखोर करण्याची पद्धत तेव्हा होती, रसेल यांनी ती टाळली. कुत्रा शूर हवा, पण खुनशी नको. त्याने तोंडावर उभे राहावे, मागे हटू नये, आणि तरीही दाताला आवर घालावा. आपली टेरियर रक्ताला चटावलेली नाहीत याचा त्यांना अभिमान होता. यात भूतदया किती आणि खेळ लवकर संपू नये ही हौस किती, हे आम्ही सांगणार नाही. बिळात मेलेल्या कोल्ह्यामागे घोडा पळवता येत नाही हेही खरेच. पण कुत्र्यात धीर आणि संयम एकत्र आणणे हे सोपे काम नव्हे, आणि ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले.

पाद्री म्हणून दीक्षा घेतल्यावर रसेल उत्तर डेव्हनमध्ये साउथ मोल्टनजवळच्या जॉर्ज निम्प्टन गावी सहायक झाले. १८२६ साली पेनेलोपी बरी यांच्याशी लग्न झाले. त्या एका अ‍ॅडमिरलच्या कन्या, आणि घोड्यावर नवऱ्याच्या तोडीस तोड. मग काही वर्षे वडिलांच्या मदतीला इडस्ली गावी, आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विमब्रिज. या गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. जवळजवळ अर्धे शतक ते तिथे होते. पगार तुटपुंजा, आणि घोडे, हाउंड, टेरियर यांचा खर्च मात्र दांडगा. आपल्या भागात बैलजोडीच्या नादापायी शेत गहाण टाकणारे आणि तालमीपायी घर विसरणारे लोक आपण पाहिले आहेत. हे प्रकरण त्यातलेच. खर्च झेपेना म्हणून हाउंडचा जथा सोडायचा, काही दिवसांनी कुणी दोन-चार हाउंड भेट दिले की पुन्हा सुरू करायचा, असे त्यांच्या आयुष्यात अनेकदा झाले.

या नादाने त्यांना बिशपांसमोरही उभे केले. एक्सेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स हे कडक शिस्तीचे गृहस्थ. शिकारी पाद्र्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा, आणि डेव्हनमध्ये असे पाद्री काही एकटे रसेल नव्हते. शिकारीच्या दिवशी आड येते म्हणून रसेल यांनी एका मुलाचे दफन करायचे नाकारले, अशी तक्रार बिशपांकडे गेली. पाद्र्यावर याहून वाईट आळ कोणता असणार! चरित्रकार सांगतात की त्या मुलाच्या आईनेच हे खोटे असल्याचे सांगितले आणि आळ टिकला नाही. त्यावर बिशपांनी निदान हाउंड तरी सोडा असा आग्रह धरला. याबद्दल डेव्हनमध्ये एक गोष्ट फार चवीने सांगतात. रसेल यांनी हाउंड ठेवणार नाही असे वचन दिले, बिशप खूश झाले, आणि लगेच पुढे कळले की यापुढे ते हाउंड रसेलबाईंच्या मालकीचे असतील. गोष्ट रचलेली असेलही. पण बाईंना ओळखणाऱ्यांना ती खरी वाटली, यातच बरेच काही आले.

मग हा माणूस पाद्री म्हणून कामचुकार होता का? हा प्रश्न आम्हाला वाचताना सतत पडत होता. मिळणारी माहिती तसे सांगत नाही. ते स्विमब्रिजला आले तेव्हा चर्चमध्ये रविवारी एकच उपासना होत असे, ते गेले तेव्हा चार होत होत्या. गावात शाळेला त्यांनी मदत केली. आवाज खणखणीत होता, त्यामुळे इस्पितळासारख्या कामाला देणग्या मिळवायच्या असल्या की प्रवचनाला त्यांनाच बोलावत. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या जिप्सींशी इतर सभ्य लोक फटकून वागत, रसेल मात्र त्यांच्याशी आपुलकीने वागले. आठवड्यातले कितीतरी दिवस घोड्यावर काढणारा पाद्री आजच्या कुठल्याही नियमात बसणार नाही, आणि कोल्ह्याची शिकारही आज आपल्याला क्रूरच वाटते, आम्हालाही वाटते. पण स्विमब्रिजच्या लोकांनी त्यांना दोन्हींसकट आपले मानले, हे नाकारता येत नाही.

१८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे नवे वेड आले. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत रसेल होते. क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्यांनी फॉक्स टेरियरचे परीक्षणही केले. इतरांच्या कुत्र्यांना त्यांनी क्रमांक दिले, पण स्वतःची कुत्री त्यांनी कधी स्पर्धेत उभी केली नाहीत. त्यांचे म्हणणे असे की प्रदर्शनातली कुत्री म्हणजे बागेतला गुलाब आणि आपली कुत्री म्हणजे कुंपणावरची रानगुलाबाची फुले. पुढे झालेही तसेच. प्रदर्शनातल्या फॉक्स टेरियरची छाती खोल आणि डोके लांब होत गेले, तो देखणा झाला आणि बिळाला निरुपयोगी. दिसण्यासाठी पैदास केली की काम हरवते, हे रसेल यांना क्लबच्या खुर्चीत बसूनही दिसत होते.

म्हातारपणी त्यांची कीर्ती राजवाड्यापर्यंत गेली. तेव्हाचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यांनी त्यांना सँडरिंगहॅमला पाहुणा म्हणून बोलावले, आणि सत्तरी उलटलेला हा खेडवळ पाद्री तिथे युवराज्ञीबरोबर नाचलाही. ट्रम्पचे चित्र सँडरिंगहॅमला घोड्यांचे सामान ठेवण्याच्या खोलीत लावलेले होते. दिवाणखान्यापेक्षा तिला ती जागा अधिक शोभली असेल.

पेनेलोपीबाई १८७५ मध्ये गेल्या. १८७९ च्या सुमारास केवळ पैशाच्या ओढीमुळे रसेल यांनी अधिक उत्पन्नाची ब्लॅक टोरिंग्टनची जागा पत्करली. चौऱ्याऐंशीच्या घरात गाव सोडणे त्यांच्या फार जिवावर आले. नव्या गावीही त्यांनी म्हणे ससे हुडकणाऱ्या हॅरियर कुत्र्यांचा छोटा जथा उभा केलाच. २८ एप्रिल १८८३ रोजी ते वारले. दफनासाठी त्यांना स्विमब्रिजला परत आणले. सगळा मुलूख लोटला होता. गावातल्या खानावळीला आज त्यांचेच नाव आहे.

जातीला त्यांचे नाव मिळाले ते मात्र नंतर. सॉमरसेटच्या पोर्लॉक गावचे आर्थर हाइनमन यांनी कामाच्या टेरियरची ही परंपरा पुढे चालवली. १८९४ साली त्यांनी बिज्जू हुडकण्याचा क्लब काढला आणि १९०४ साली या कुत्र्याचे मापदंड लिहून ठेवले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर शिकार कमी झाली, आणि कॉर्गी, डॅक्सहुंड अशा आखूड पायांच्या जातींशी संकर होऊन कुठल्याही छोट्या पांढऱ्या टेरियरला लोक जॅक रसेल म्हणू लागले. आता दोन जाती वेगळ्या मानतात. लांब पायांचा, खांद्याशी ३३ ते ३६ सेंटीमीटर उंचीचा पार्सन रसेल, जो ट्रम्पच्या अधिक जवळचा, आणि २५ ते ३० सेंटीमीटरचा बुटका जॅक रसेल, ज्याला ऑस्ट्रेलियात आकार आला. पहिल्याला ब्रिटिश केनेल क्लबने १९९० मध्ये मान्यता दिली, दुसऱ्याला थेट २०१६ मध्ये. गंमत अशी की कामाच्या कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी या मान्यतेलाच कडाडून विरोध केला. त्यांना रानगुलाब बागेत जायला नको होता.

२००५ पासून इंग्लंडमध्ये हाउंड लावून कोल्ह्याची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. बीळ गेले, कुत्रा राहिला. १९९४ च्या 'द मास्क' या चित्रपटातला खोडकर मायलो पाहून जगभर लोकांनी ही कुत्री घरी आणली. आपल्याकडे मोबाइलच्या जाहिरातीतल्या पगमुळे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. पण पग हा मांडीवर बसायला जन्मला आहे. रसेल टेरियरला रोज तास-दीड तास पळणे, हुंगणे आणि उकरायला माती मिळाली नाही, तर तो सोफ्यालाच बीळ समजतो.

फराळाला भेटलेल्या त्या कुटुंबाने कुत्रा दिला नाही. त्यांनी परसात एका कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकला आहे आणि मुले त्यात रोज त्याचा चेंडू पुरून ठेवतात. फाटकाला खालून जाळी मारली आहे. भुंकणे अजून आहेच. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ढिगाऱ्यातून फक्त एक पांढरी शेपूट वर दिसत होती, आणि हाक मारली तरी ती काही बाहेर येत नव्हती.